छडीला संमती कोणाची?

चाकणच्या एखाद्या वाहन कारखान्यात कामगार उशिरा आला तर त्याचा पगार कापला जातो, त्याला मेमो मिळतो, आणि गैरवर्तन गंभीर असेल तर आरोपपत्र देऊन, त्याचे म्हणणे ऐकून घेऊन व अंतर्गत चौकशी करून त्याला कामावरून दूरही करता येते. परंतु सुपरवायझरला त्याच्या अंगाला हात लावण्याचा अधिकार कोणत्याही परिस्थितीत नसतो. शिक्षेपूर्वी बाजू मांडण्याची संधी देणारी ही पद्धत १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियमापासून कारखान्यांत रुजली, आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातला साधा कंत्राटी कामगारही ती आपला हक्क म्हणून ओळखतो. त्याच कामगाराचे मूल शाळेत उशिरा पोहोचले तर त्याने अंगठे धरून ओणवे उभे राहावे, उठाबशा काढाव्यात किंवा हातावर पट्टी खावी, हे मात्र पुष्कळांना, आणि खेदाची गोष्ट म्हणजे पुष्कळ पालकांनाही, अजून स्वाभाविक वाटते.

कायद्याचे म्हणणे याविषयी स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली असून, ही मनाई मोडणाऱ्यावर त्याच्या सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या शिक्षकांना याबाबत १९७७ चा सेवाशर्ती विनियमन अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली लागू होते. त्यात आरोपपत्र, चौकशी समिती आणि बचावाची संधी असे सर्व टप्पे आहेत. मुलाला मारणाऱ्या शिक्षकालाही म्हणणे मांडण्याचा हक्क असतो आणि तो असलाच पाहिजे. पण ज्या मुलावर छडी चालली त्याला शिक्षेपूर्वी कोणी काही विचारलेले नसते, ही विषमता मानवी हक्कांच्या विचाराला सर्वाधिक खटकते.

शारीरिक शिक्षा म्हणजे केवळ वळ उठेपर्यंत मारणे नव्हे. बालहक्क संहितेच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीने २००६ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, वेदना किंवा अस्वस्थता देण्याच्या हेतूने बळाचा वापर करून केलेली कोणतीही शिक्षा, ती कितीही सौम्य असली तरी, या सदरात मोडते. त्यामुळे कान पिळणे, बाकावर उभे करणे आणि उन्हात थांबवणे यांनाही सूट मिळत नाही. १९८९ च्या या संहितेत भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला. तिच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार शाळेतील शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असावी लागते, आणि एकोणिसाव्या अनुच्छेदानुसार मूल ज्यांच्या ताब्यात असते त्यांच्याकडून होणाऱ्या हिंसेपासून त्याचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरते. भारतात आंतरराष्ट्रीय करार आपोआप कायदा बनत नसले तरी मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना न्यायालये त्यांचा आधार घेतात. डिसेंबर २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने छडीची मुभा देणारा तेथील शाळांचा नियम घटनेच्या कलम १४ व २१ शी विसंगत म्हणून रद्द केला, तेव्हा प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क वर्गाच्या दाराशी संपत नाही, हे भारतीय कायद्यात अधोरेखित झाले.

तरीही दंडविधानातील एक जुनी फट कायम आहे. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाने किंवा त्याच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ ने काही मर्यादांसह संरक्षण दिले होते, आणि पालकांनी आपला अधिकार शिक्षकाकडे सोपवला आहे असे मानून या तत्त्वाच्या आधारे शिक्षकांचा बचाव केला जात असे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये हे संरक्षण जवळजवळ तसेच उतरले आहे. एक कायदा मारण्यास मनाई करतो आणि दुसरा पालकाच्या संमतीला बचावाचे मूल्य देतो, अशा स्थितीत पालक काय म्हणतात याला मोठे महत्त्व येते.

औद्योगिक पट्ट्यातील पालकांची संमती कोठून येते, हे समजून घेतल्याशिवाय त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. मराठवाडा, विदर्भ, बिहार किंवा उत्तर प्रदेशातून भोसरी, मोशी, तळवडे, चाकण येथे आलेल्या कुटुंबांत पाळीच्या कामामुळे आईवडील मुलाच्या वाट्याला थोडेच येतात. मुलाची बोली अनेकदा वर्गात चालत नाही. आणि मुलाला आपल्यासारखे कंत्राटी काम करावे लागू नये ही तळमळ इतकी तीव्र असते की, ‘सर, चार फटके द्या, पण शिकवा’ असे पालक स्वतः सांगतात. या वाक्यात मुलावरचे प्रेम आहे, यात शंका नाही. पण त्यातून पालक स्वतःच्या मालकीची नसलेली गोष्ट दुसऱ्याला देऊन टाकतो.

हा प्रश्न जगातील दोन न्यायालयांसमोर वेगवेगळ्या रूपांत आला. १९८२ मध्ये कॅम्पबेल व कोझन्स खटल्यात स्कॉटलंडमधील दोन मातांनी चामड्याच्या पट्ट्याने मारण्याच्या शालेय प्रथेविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि त्या जिंकल्या. परंतु तो विजय पालकांच्या विचारांचा आदर राखण्याच्या हक्कावर आधारलेला होता, मुलाच्या शरीरावरील हक्कावर नव्हे. २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयापुढे नेमकी उलट मागणी आली. तेथील १९६ ख्रिस्ती शाळांच्या संघटनेने, पालकांची धार्मिक श्रद्धा व संमती असल्याने आपल्या शाळांना शारीरिक शिक्षेची मुभा असावी, असे म्हटले, आणि न्यायालयाने ती मागणी फेटाळली. या दुसऱ्या निकालाचा धागा भोसरी-चाकणच्या पालकांपर्यंत थेट पोहोचतो, कारण प्रतिष्ठेचा हक्क मुलाचा असेल तर तो माफ करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला, अगदी जन्मदात्यांनाही, कसा असू शकेल?

भारतीय न्यायालयांची भूमिका या बाबतीत एकसारखी नाही. गोव्यात २००३ च्या बालक अधिनियमाने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली, तरी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एका प्राथमिक शिक्षिकेची निर्दोष मुक्तता करताना, शिस्त लावण्यासाठी केलेली साधी कृती गुन्हा ठरत नाही, असा आशय मांडला. क्षुल्लक आरोपांखाली शिक्षक दबू नयेत ही त्यामागील चिंता रास्त आहे. मात्र सौम्य शिक्षा आणि घातक शिक्षा यांतली रेषा आखायची कोणी? नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईतील एका शाळेत उशिरा आल्याबद्दल सहावीतील मुलीला दप्तरासह शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला, आणि काही दिवसांत ती मुलगी दगावली. उठाबशा ही छडीपेक्षा सौम्य शिक्षा समजली जाते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तेरा राज्यांच्या अभ्यासात, शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळपास दोघांनी शारीरिक शिक्षा भोगल्याचे सांगितले होते. अशा ‘सौम्य’ शिक्षांची सवय समाजात किती खोल आहे, याचा अंदाज त्यावरून येतो.

तक्रारीची वाट कायद्याने आखून दिली आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ३२ नुसार कोणतीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे शहरात पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेकडे आणि चाकण परिसरातील गावांत पुणे जिल्हा परिषदेच्या यंत्रणेकडे, लेखी तक्रार करू शकते. प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि त्याविरुद्ध राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. मारहाण गंभीर असेल तर पोलिसांत जाता येते, आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलाचा ताबा असणाऱ्याने केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शिक्षण हक्क अधिनियम सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी असल्याने नववी-दहावीच्या मुलांच्या बाबतीत या दुसऱ्या कायद्याचे महत्त्व वाढते. तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

पण तक्रार करणारा पालक पाळी बुडवून कार्यालयात येणार, त्याच्या मुलाला पुन्हा त्याच वर्गात बसायचे असणार, आणि भाड्याची खोली बदलली की शाळाही बदलणार, अशा परिस्थितीत एकट्या कुटुंबाच्या धैर्यावर कायदा चालत नाही. म्हणून महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतील शाळा व्यवस्थापन समितीकडे वळावे लागते, कारण तिच्या सदस्यांपैकी तीन-चतुर्थांश पालक असावेत असे शिक्षण हक्क अधिनियमाचे कलम २१ सांगते. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही. तेथे हा विषय पालक-शिक्षक संघाच्या बैठकीतच मांडावा लागेल. कारखान्यात अंतर्गत चौकशी कशी चालते हे ज्यांना अनुभवाने ठाऊक आहे असे पालक या समित्यांवर बसतात. मुलाने चूक केली तर प्रथम त्याचे म्हणणे ऐकले जाईल, कोणत्याही शिक्षेत त्याच्या शरीराला हात लागणार नाही, आणि शिक्षकाला मोठा वर्ग सांभाळण्यासाठी मदत मिळेल, असा शाळेचा नियम लिहून घेण्यासाठी त्यांना नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.