कावळा नव्हे, मेंदूतले घड्याळ

मी सहा-सात वर्षांचा असतानाची गोष्ट. महिन्यातून तीन-चार दिवस आई माजघराच्या कोपऱ्यात वेगळ्या चटईवर बसे. त्या दिवसांत स्वयंपाक आजी करी. 'आई अशी बाजूला का बसली?' असे विचारले की उत्तर मिळे, 'तिला कावळा शिवला.' मग मी अंगणात जाऊन कावळे न्याहाळीत बसे. मी जवळ गेलो की ते उडून जात. मग आईलाच ते कसे शिवतात, आणि तेही दर महिन्याला? हे विचारल्यावर दोनदा दटावणी मिळाली, तेव्हा मी विचारणेच सोडून दिले.

पुढे मी पदार्थविज्ञान शिकलो आणि शिकवू लागलो. माझी मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा तो जुना प्रश्न पुन्हा समोर आला. आता उत्तर देण्याची पाळी माझ्यावर होती. विद्यार्थी मित्रहो, त्या निमित्ताने मी जे वाचले आणि आमच्या घरात जे घडले, ते तुम्हांला सांगतो.

झोपेत पडणारे टोले

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. त्यातील काही चेतापेशी एक संप्रेरक तयार करतात. अवघ्या दहा अमिनो आम्लांचा हा रेणू जवळच्याच पीयूषिका ग्रंथीला जागे करतो. पीयूषिका ग्रंथीची संप्रेरके मग रक्तावाटे मुलींत अंडाशयांना आणि मुलांत वृषणांना कामाला लावतात.

गंमत अशी की, हे पहिले संप्रेरक नळाच्या धारेसारखे सतत वाहत नाही. घड्याळाचे टोले पडावेत तसे ते साधारण तासा-दीड तासाने थोडे थोडे सोडले जाते. तान्हेपणी काही महिने हे टोले पडतात. मग अनेक वर्षे ते जवळजवळ थांबलेले असतात. वयात येण्याच्या सुमारास ते पुन्हा सुरू होतात आणि तेही प्रथम रात्री, मूल झोपेत असताना!

टोल्यांचे एवढे महत्त्व का? अमेरिकेत अर्न्स्ट नॉबिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ ते १९८० या काळात ऱ्हीसस जातीच्या माकडिणींवर प्रयोग केले. हेच संप्रेरक सतत टोचत राहिले तर पीयूषिका ग्रंथी प्रतिसाद देईना. तासातून एकदा, थोडा वेळ दिले की ती काम करू लागे. वयात न आलेल्या लहान माकडिणींनाही असे दर तासाचे टोले दिल्यावर पाळी सुरू झाली. टोले थांबवताच त्या पुन्हा पूर्वस्थितीत गेल्या.

हे घड्याळ कोणत्या वयात सुरू व्हावे यात आनुवंशिकता आणि पोषण या दोन्हींचा वाटा असतो. म्हणूनच एकाच वर्गातल्या दोन मैत्रिणींना वेगवेगळ्या वयात पाळी येते. त्यात कोणी पुढे नसते, कोणी मागे नसते.

एका पदार्थवैज्ञानिक स्त्रीची मदत

रक्तात संप्रेरके इतकी अल्प असतात की, साध्या रासायनिक परीक्षांनी ती मोजता येत नाहीत. ही अडचण रोझलिन यालो यांनी सॉलोमन बर्सन यांच्यासह सोडवली. यालो या मूळच्या अणुकेंद्रीय पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक. संप्रेरकाच्या काही रेणूंना किरणोत्सारी आयोडिनची खूण जोडायची. मग रक्तातले बिनखुणेचे रेणू आणि हे खुणेचे रेणू यांची प्रतिपिंडांवरच्या मर्यादित जागांसाठी चढाओढ लावायची. खुणेच्या रेणूंना किती जागा मिळाल्या हे किरणोत्सारावरून कळते आणि त्यावरून रक्तातले संप्रेरक मोजता येते. १९७७ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक यालो यांच्याबरोबर रॉजर गिलेमिन व अँड्र्यू शॅली यांना मिळाले. वर सांगितलेला दहा अमिनो आम्लांचा रेणू शोधण्यात याच दोघांच्या प्रयोगशाळा आघाडीवर होत्या. ज्या विषयावर घरात कुजबुजत बोलायचे, त्यावरचे संशोधन असे जगाच्या व्यासपीठावर गौरवले गेले होते.

दर महिन्याला काय होते?

अंडाशयातील इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचा अंतःस्तर जाड होतो. अंडे बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन त्या स्तराला गर्भ धरण्यायोग्य बनवते. गर्भधारणा झाली नाही की या संप्रेरकांची पातळी घसरते, अंतःस्तर सुटतो आणि थोड्या रक्ताबरोबर बाहेर पडतो. हीच मासिक पाळी. यात 'विटाळ' म्हणावे असे काहीही नाही.

हे ऐकून माझ्या मुलीने विचारले, "बाबा, मग अंगातलं रक्त कमी पडणार नाही का?" आम्ही लगेच गणित मांडले. एका पाळीत साधारणपणे ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. चाळीस किलो वजनाच्या मुलीच्या शरीरात सुमारे तीन लिटर रक्त असते. म्हणजे जाते ते साधारण एक टक्का! शरीर ते भरून काढते. मात्र त्यासाठी लोह लागते. म्हणून पालेभाज्या, कडधान्ये, नाचणी, गूळ पोटात जायला हवेत.

निसर्गाची आगाऊ सूचना

माझ्या आईला मी या वयात प्रथमच विचारले, "तुला आधी कोणी सांगितलं होतं का?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही रे. मला वाटलं, पोटात काहीतरी फुटलं. दिवसभर गोठ्यात लपून बसले. आता मरणार, असंच वाटत होतं."

ही भीती टाळता येण्यासारखी होती. मुलींत साधारणपणे आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान स्तनांची वाढ सुरू होते. त्यानंतर बहुधा दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. म्हणजे निसर्ग पालकांना चांगली दोन वर्षे आधी सूचना देतो! मुलांतील बदल साधारण नऊ ते चौदा या वयात वृषणांच्या वाढीने सुरू होतात. पुढे आवाज फुटतो, झोपेत वीर्यस्खलन होऊ लागते. मुलगेही या गोष्टींनी घाबरतात, पण बोलत नाहीत. त्यांनाही आधीच सांगायला हवे, आणि पाळीविषयीही सांगायला हवे. नाहीतर ते वर्गात मुलींना हसतात.

आम्ही मुलीच्या दप्तरात एका पिशवीत दोन पॅड व एक जादा चड्डी ठेवून दिली होती. पॅड चार ते सहा तासांनी बदलावे, कापड वापरल्यास ते साबणाने धुऊन उन्हात वाळवावे, पोट दुखल्यास गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे, हे तिच्या आईने शिकवले होते. पहिली एक-दोन वर्षे पाळी अनियमित असू शकते हेही सांगितले होते. एके दिवशी ती शाळेतून आली आणि म्हणाली, "बाबा, घड्याळ सुरू झालं." डोळ्यांत पाणी नव्हते. पाठोपाठ भूक लागल्याची तक्रारही आली.

लोणच्याचा प्रयोग

पुढच्या मे महिन्यात आजी नातीला म्हणाली, "पाळीत बरणीला हात लावू नको, लोणचं नासतं." आम्ही एकाच कैरीचे, एकाच मसाल्याचे लोणचे दोन सारख्या बरण्यांत भरले. एक बरणी मुलीने पाळीच्या दुसऱ्या दिवशी भरली, दुसरी तिच्या आईने. कोणती कोणाची हे बरणीच्या तळाशी लिहिले आणि आजीला सांगितले नाही. दिवाळीत आजीने दोन्ही चाखल्या. दोन्ही उत्तम! तिला फरक ओळखता आला नाही. एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही, हे मी वर्गात नेहमी सांगतो. पण लोणचे मीठ व तेलामुळे टिकते आणि ओल्या चमच्याने नासते, याला जंतुशास्त्राचा आधार आहे. घटसर्पाच्या परीक्षेमुळे प्रसिद्ध झालेले डॉ. बेला शिक यांनीही १९२० मध्ये पाळीतील स्त्रीच्या स्पर्शाने फुले कोमेजतात असे लिहिले होते. तो दावा पुढे टिकला नाही. मोठ्यांच्याही चुका होतात. त्या तपासून दुरुस्त करायच्या असतात.

पालक व शिक्षकांसाठी

आठ वर्षांच्या आत वयात येण्याची चिन्हे दिसली, पंधरा वर्षांपर्यंत पाळी आली नाही, रक्तस्राव सात दिवसांहून अधिक टिकला, दर तासा-दोन तासांनी पॅड भिजू लागले किंवा दुखण्यामुळे शाळा बुडू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. शिक्षकांनी वर्गाच्या कपाटात पॅडचे एक पाकीट ठेवावे आणि ते कोठे आहे हे सर्व मुलींना सांगून ठेवावे. निनावी प्रश्नांसाठी एक पेटी ठेवल्यास उत्तम. आमच्या महाविद्यालयातही आम्ही ती ठेवली आहे. पहिल्याच आठवड्यात तिच्यात एका मुलाची चिठ्ठी मिळाली : 'सर, कावळा शिवला म्हणजे काय?'