बंगळूरचे गोडबोले : सर अ‍ॅलेक गिनेस यांची नटसाधना

१९८३ सालच्या अखेरीस बंगळूरच्या राजवाड्याच्या विस्तीर्ण आवारात गंगाकाठच्या एका कल्पित गावाची बाजारपेठ उभारण्यात आली. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ए पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीतले हे चंद्रपूर (आपल्या विदर्भातल्या चंद्रपुराशी त्याचा काही संबंध नाही) बिहारातल्या बांकीपूरवरून रचलेले होते. परंतु दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी त्याच्यासाठी निवडला तो म्हैसूरच्या राजघराण्याचा हा वाडा, आणि कथेतल्या गूढ गुहांसाठी सावनदुर्ग व रामनगर येथील ते प्रचंड पाषाण, ज्यांच्यापैकी रामनगरचे पाषाण ‘शोले’मुळे साऱ्या देशाच्या परिचयाचे झालेले होते. या चित्रपटासाठी जी नटमंडळी बंगळुरात आली, त्यांत सत्तरीच्या उंबरठ्यावरचे एक इंग्रज गृहस्थ होते; आणि त्यांच्याकडे भूमिका होती ती नारायण गोडबोले नामक एका दक्षिणी ब्राह्मण प्राध्यापकाची.

हे गृहस्थ म्हणजे सर अ‍ॅलेक गिनेस. ज्याला आपण चरित्र अभिनेता म्हणतो, म्हणजे जो नायकाच्या रूपलावण्यावर नव्हे तर प्रत्येक भूमिकेगणिक नवा मनुष्य उभा करण्याच्या सामर्थ्यावर आपला लौकिक मिळवतो, त्या जातीच्या नटांत विसाव्या शतकातल्या इंग्लंडने त्यांच्याहून श्रेष्ठ नट निर्माण केला असे मला वाटत नाही. आणि म्हणूनच या श्रेष्ठ नटाच्या हातून एक मराठी माणूस मात्र पुरता का उभा राहिला नाही, हा प्रश्न मराठी वाचकाने आस्थेने तपासून पाहण्याजोगा आहे.

२ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला, तेव्हा जन्माच्या दाखल्यावर पित्याच्या नावाची जागा कोरी राहिली होती. प्रारंभी एका जाहिरात संस्थेत नोकरी, मग शिष्यवृत्तीवर नाट्यशिक्षण, आणि १९३४ साली जॉन गिलगुड यांच्या ‘हॅम्लेट’मध्ये ऑस्रिक या दरबारी माणसाची लहानशी भूमिका, असा त्यांचा प्रवेश झाला. आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या भाषांतरामुळे आणि गणपतराव जोशांच्या अभिनयामुळे हॅम्लेट हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी असलेले नाव, त्या मराठी प्रेक्षकाला हे सांगावयास नको की त्या नाटकात लहान भूमिका करणाऱ्या नटाची दृष्टी कोठे लागलेली असते! चारच वर्षांनी, १९३८ साली, ओल्ड व्हिक या नाट्यगृहात टायरोन गथ्री यांच्या दिग्दर्शनाखाली गिनेस आधुनिक पोशाखातला हॅम्लेट करू लागले होते. पुढे महायुद्धात ते नौदलात दाखल झाले व १९४३ च्या सिसिलीवरील स्वारीत सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या एका नौकेचे अधिपत्य त्यांच्याकडे होते. युद्ध संपल्यावर १९४६ साली लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या लिअर राजाजवळ ते विदूषक म्हणून उभे राहिले.

त्याच वर्षी लीन यांनी त्यांना ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधून पडद्यावर आणले. १९४८ च्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला त्यांचा फॅगिन, ज्याचे अवाढव्य नाक डिकन्सच्या मूळ चित्रकाराच्या रेखाटनांवरून घडवले होते, ज्यू समाजाला इतका अवमानकारक वाटला की बर्लिनमध्ये त्यावरून दंगा झाला आणि अमेरिकेतील प्रदर्शन १९५१ पर्यंत लांबले. लगेच १९४९ साली ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ या विनोदी चित्रपटात एकाच उमराव घराण्यातल्या आठ व्यक्ती, त्यांत एक स्त्रीही, त्यांनी एकट्याने साकारल्या. केवळ मिशा आणि टोप बदलून हे साधत नाही. त्या घराण्यातला पाद्री डोळे मिचकावतो तेव्हा त्याची सारी सुस्त हयात दिसते, आणि नौसेनापती बुडत्या जहाजावर ताठ उभा राहतो तेव्हा त्याचा हटवादीपणा. प्रत्येकाची मान, खांदे आणि श्वास निराळे.

त्यांच्या कलेचे मर्म मला मात्र १९५७ च्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मध्ये अधिक स्पष्ट दिसते. सिलोनात चित्रित झालेल्या या चित्रपटात जपान्यांच्या कैदेतला कर्नल निकल्सन तापलेल्या पत्र्याच्या कोठडीतून कित्येक दिवसांनी बाहेर काढला जातो आणि आपल्या शिपायांच्या डोळ्यांदेखत अधिकाऱ्याचा रुबाब राखण्याची शिकस्त करीत, अडखळत, मैदान ओलांडतो. पोलिओतून उठलेला आपला लहान मुलगा ज्या रीतीने पाऊल टाकी, त्या चालीवरून आपण ही चाल घेतली, असे गिनेस यांनी पुढे सांगितले आहे. घरातले इतके खोल दुःख एका काल्पनिक कर्नलाच्या पायांत उतरवायचे, आणि तेही प्रेक्षकाला त्याचा मागमूस लागू न देता, याला नुसते कसब म्हणता येत नाही. या भूमिकेने त्यांना ऑस्कर मिळवून दिले आणि १९५९ साली राणीने त्यांना ‘सर’ हा किताब बहाल केला.

‘स्टार वॉर्स’मधला १९७७ चा वृद्ध योद्धा ओबी-वान आजच्या तरुण पिढीला ठाऊक आहे, त्यावर मी थांबत नाही. थांबण्यासारखी भूमिका आहे ती १९७९ च्या बी. बी. सी. मालिकेतील जॉर्ज स्माइली या हेरखात्यातल्या निवृत्त अंमलदाराची. तिच्या तयारीसाठी गिनेस यांनी ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याबरोबर भोजन घेतले आणि त्या गृहस्थांच्या सवयी बारकाईने टिपून घेतल्या. परिणाम असा, की तासचे तास हा मनुष्य बव्हंशी केवळ ऐकत बसतो, चष्मा पुसतो, आणि तरीही त्याच्यावरून दृष्टी हलत नाही.

असा हा नट बंगळुरास आला. लीन यांच्याबरोबरचा हा त्यांचा सहावा चित्रपट. १९३५ साली गिलगुड यांच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये ज्या पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट ज्युलिएट होत्या आणि गिनेस किरकोळ भूमिकांत, त्या अ‍ॅशक्रॉफ्टबाई मिसेस मूर या वृद्धेच्या भूमिकेत येथे पुन्हा त्यांच्या सोबत होत्या, या भूमिकेसाठी त्यांना पुढे ऑस्कर मिळाले. आता गोडबोल्यांविषयी. फॉर्स्टर यांच्या मूळ वर्णनातला हा प्राध्यापक युरोपियनासारखा गोरा आणि निळसर-करड्या डोळ्यांचा आहे. मराठी वाचक घारे डोळे आणि ‘गोडबोले’ हे आडनाव यांची सांगड क्षणात घालील आणि कोकणस्थ म्हणून त्याला ओळखील. तेव्हा एका निळ्या डोळ्यांच्या इंग्रजाने ही भूमिका करावी यात बाह्य रूपापुरता विसंवाद नव्हता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण हा चित्रपट प्रदर्शित होण्याच्या दोनच वर्षे आधी, १९८२ च्या ‘गांधी’मध्ये, दिग्दर्शक अ‍ॅटनबरो यांनी नामदार गोखल्यांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांच्या हाती आणि कस्तुरबांची रोहिणी हट्टंगडी यांच्या हाती सोपवली होती. लागूंसारखा नट उपलब्ध असता गोडबोल्यांसाठी लंडनकडे पाहण्याचे कारण नव्हते, असे माझे ठाम मत आहे. अरब राजपुत्र फैझल (१९६२) किंवा त्यापूर्वीचा जपानी व्यापारी असानो (१९६१) या गिनेस यांच्या भूमिका गोऱ्या नटांनी आशियाई पात्रे साकारण्याच्या ज्या रिवाजातून आल्या, तो रिवाज १९८४ पर्यंत जुना होऊन गेला होता.

तथापि सारा दोष या पात्रनिवडीवर टाकणे अन्यायाचे होईल. गोडबोल्यांचा उगम माळव्यातल्या एका मराठी संस्थानाशी निगडित आहे. देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्याकडे फॉर्स्टर १९२१ साली काही महिने खासगी चिटणीस म्हणून होते, आणि तिथल्या गोकुळाष्टमीचा उत्सव, त्यातले भजन, गुलाल, देहभान विसरलेले भक्त, हे सर्व त्यांनी पत्रांतून लिहून ठेवले. ती पत्रे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. कादंबरीच्या तिसऱ्या भागात गोडबोले एका हिंदू संस्थानाचे शिक्षणमंत्री झालेले असतात आणि गोकुळाष्टमीच्या रात्री तुकोबांच्या नामाच्या गजरात अनवाणी नाचत असतात. त्या क्षणी त्यांच्या मनात मिसेस मूर येऊन जाते, एक गांधीलमाशी येऊन जाते, आणि त्या दोघांनाही ते सारख्याच प्रेमाने देवापाशी ढकलू पाहतात. गोडबोले कोण, याचे उत्तर या प्रसंगात आहे; कादंबरीच्या पहिल्या भागातल्या चहापानाच्या प्रसंगी त्यांनी धरलेल्या गूढ मौनाचा अर्थही येथूनच मागे जाऊन लागतो.

लीन यांनी हा तिसरा भाग जवळजवळ वगळला आणि कथेचा शेवट काश्मिरात नेला. गिनेस यांनी गोडबोल्यांच्या नृत्यासाठी मेहनत घेऊन तालीम केली होती. तो प्रसंगही संकलनात कापला गेला, आणि दोघा जुन्या सहकाऱ्यांत त्यावरून कटुता आली. निकल्सनच्या मागे मुलाची चाल होती, स्माइलीच्या मागे एक हाडामांसाचा अधिकारी. गोडबोल्यांच्या मागे जी भक्ती हवी होती तिच्यापाशी पोचण्याचा या नटाचा एकमेव मार्ग ते नृत्य होते, आणि तोच बंद झाला. म्हणून पडद्यावर उरली ती पगडी, चष्मा, कर्मसिद्धान्तावरची चार वाक्ये, आणि गाडी चुकवणारा एक विक्षिप्त ब्राह्मण, ज्याला परदेशी प्रेक्षक हसला आणि मराठी प्रेक्षक ओळखू शकला नाही.

हा लीन यांचा अखेरचा चित्रपट ठरला. गिनेस यांनी पुढे ‘लिटल डॉरिट’ केला, ज्यासाठी त्यांना पुन्हा ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि १९८८-८९ च्या सुमारास लंडनमध्ये ‘ए वॉक इन द वुड्स’ या नाटकात एका रशियन मुत्सद्द्याची भूमिका करून रंगभूमीचा निरोप घेतला. ५ ऑगस्ट २००० रोजी, शहाऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले. लीन यांचा चित्रपट पाहू इच्छिणाऱ्याने कादंबरीचा तिसरा भाग आधी वाचावा. बंगळुरात या नटाला कोणता मनुष्य साकारावयाचा होता, ते त्या पानांवरून कळते.