फाउंडेशनचा पेपर वॉर्डातच सुटतो

पहाटे साडेपाचला राजापेठेतल्या भाड्याच्या खोलीत गजर वाजतो. एक मुलगी दर्यापूरकडची, दुसरी अकोटची. दोघीही जीएनएमच्या पहिल्या वर्षाला, आणि नर्सिंग फाउंडेशनचा पेपर तोंडावर. गॅसवर चहा उकळतोय, भिंतीवर हाताने लिहिलेला तक्ता: तापमान 98.6 फॅरनहाइट, नाडी 60 ते 100, श्वास मिनिटाला 12 ते 20, रक्तदाब 120/80. अशा खोल्या या भागात कितीतरी आहेत आणि तक्ताही घरोघरी तोच. तो पाठ असावाच. पण आकडा नुसता पाठ असलेली मुलगी वायवाला दुसऱ्याच प्रश्नाला अडते, कारण दुसरा प्रश्न बहुधा ‘का?’ असाच असतो.

सात वाजता गणवेश. नखं कापलेली, केस जाळीत, बोटात अंगठी नाही, सेकंदकाट्याचं घड्याळ छातीला पिनेने अडकवलेलं. मोबाइलवर सेकंद मोजणाऱ्या मुलींचा मला राग येतो. तोच मोबाइल मघाशी ऑटोच्या सीटवर पडलेला असतो. ऑटो राजकमल, जयस्तंभ करत इर्विन चौकात सोडतो. जिल्हा सामान्य रुग्णालय असं नाव पाटीवर असलं तरी अमरावतीकर अजून ‘इर्विन’च म्हणतात.

आठला ओव्हर. रात्रपाळीच्या सिस्टर पलंगामागून पलंग सांगत जातात आणि विद्यार्थिनी मागे घोळक्यात उभ्या राहून जांभया देतात. सबंध दिवसातला सगळ्यांत वाया जाणारा तास हाच, आणि परीक्षेच्या दृष्टीने सगळ्यांत किमती. नर्सिंग प्रोसेसच्या पाच पायऱ्या, म्हणजे पाहणी, निदान, नियोजन, अंमल, मूल्यमापन, पुस्तकात कोरड्या लागतात. इथे त्या एका माणसाच्या रूपात पलंगावर पडलेल्या असतात.

भादव्याचे दिवस आहेत, तेव्हा एखादा पलंग फवारणीचा असतोच. पऱ्हाटीवर औषध मारताना वारा उलटा फिरला, अंगावरचा सदरा भिजला, घरी येईतो उलट्या सुरू. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. औषध ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम थांबत नाही, नाडी मंदावू शकते. अ‍ॅट्रोपीन द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. पण हातमोजे घालून भिजलेले कपडे काढणं, साबण-पाण्याने अंग धुणं, तोंडातली लाळ काढून श्वासाची वाट मोकळी ठेवणं, नाडी-बाहुल्या-घाम यांची वेळेवर नोंद ठेवणं, हे सगळं फाउंडेशनच आहे. कपडे तसेच राहिले तर विष कातडीतून आत जातच राहतं.

पावणेनऊला टीपीआर. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. तसंच धरून छातीकडे बघत श्वास मोजायचे. ‘आता तुमचा श्वास मोजते’ म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. रक्तदाबाचा कफ दंडाला तोकडा पडला तर आकडा खोटा जास्त येतो, हात हृदयाच्या पातळीच्या खाली लोंबत असला तरी जास्तच येतो. हे एकदा स्वतः करून पाहिलं की त्यावरचा प्रश्न कुठल्याही शब्दांत फिरवून येऊ दे.

दहा वाजता पाठीची निगा. खुब्याचं हाड मोडलेली एक आजी आठवडाभर पडून आहे.

‘काहून वं माय, घडीघडी मले हालवून रायली? दुखते ना!’

‘आजी, दोन तास झाले. एकाच अंगावर राहिलं तर पाठीला जखम होते.’

‘मंग उशी दे मांडीत. अन् हळू धर.’

आजीने उत्तर बरोबर दिलं. दोघींनी मिळून, सिस्टरांना विचारून, दोन पायांमध्ये उशी ठेवूनच कूस बदलायची. मग बघायचं माकडहाड, टाचा, खांद्याची पाती, डोक्याचा मागचा भाग. हाड जिथे कातडीला टेकतं ती प्रत्येक जागा. लाली दिसली तर बोटाने दाबून सोडायचं. बोट काढल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर अजून वेळ आहे. लाली दबतच नसेल, तर ती प्रेशर सोअरची पहिली पायरी. तिथे चोळायचं नाही. स्पिरिट-पावडर लावून खसाखसा चोळायची जुनी सवय काही वॉर्डांत अजून टिकून आहे. लाल झालेल्या जागी तिने आतली इजा वाढते. उत्तरपत्रिकेत तर ते चुकूनही लिहू नका.

पहिल्या दिवसांत मुलींना बेडपॅनची, वाहत्या जखमेची किळस येते. येऊ द्यावी, ती जाते. याच अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं, तेव्हा लोक त्या रुग्णांच्या सावलीलाही भीत होते.

बाराच्या सुमाराला औषधांची ट्रॉली. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पाचही सगळ्यांना येतात. चूक होते ती नाव विचारण्यात. ‘तुम्ही सुमनबाई ना?’ असं विचारलं तर कमी ऐकू येणारी कुठलीही बाई ‘हो’ म्हणते. ‘तुमचं नाव सांगा’ म्हणायचं आणि केस पेपरशी ताडायचं. औषध डब्यातून काढताना, मोजताना आणि डबा जागेवर ठेवताना लेबल वाचायचं, तिन्ही वेळा.

सलाईनच्या थेंबांचं गणित मात्र मुली घाबरून सोडून देतात, आणि तिथले गुण तर हातचे असतात. 500 मिली चार तासांत द्यायचं आहे. सेटच्या पाकिटावर एका मिलीला 20 थेंब लिहिलंय. 500 गुणिले 20 म्हणजे 10,000 थेंब, चार तासांची 240 मिनिटं, भागाकार 41.6, म्हणजे मिनिटाला 42 थेंब. घड्याळ धरून पंधरा सेकंदांत दहा-अकरा थेंब पडतात का बघायचं. मायक्रो सेट असेल तर मिलीला 60 थेंब, म्हणून आधी पाकीट वाचायचं.

दुपारी डबा, पोळी-ठेचा, आणि तासभर झोप. त्यात लाज कसली?

पाचला गाइड उघडतं. ‘एनिमा देताना रुग्णाची स्थिती कोणती?’ डाव्या कुशीवर, हे पाठ आहे. पण मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असतो, द्रव उताराने आत जातो, हे कळलं की ते विसरायला होत नाही. ‘सर्वांत आधी काय कराल?’ या जातीच्या प्रश्नाला चारही पर्याय बरोबर वाटतात. त्यात श्वासाची वाट आधी, मग श्वास, मग रक्ताभिसरण. दुःखावरची फुंकर त्यानंतर.

रात्री आठनंतर खोलीत एक मजेशीर प्रकार चालतो. एकजण खाटेवर ‘पेशंट’ होऊन पडते, दुसरी तिला न उठवता चादर बदलते. कोपरा पाकिटासारखा दुमडला गेला पाहिजे, सुरकुती राहता कामा नये. पेशंट हसते, चादर निसटते, पुन्हा सुरुवात. मग वापरलेल्या वस्तू कुठे टाकायच्या याची उलटतपासणी: सुया पांढऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्यात, रक्ताचं ड्रेसिंग पिवळ्यात. हात धुणं साबणाने 40 ते 60 सेकंद, हँडरबने 20 ते 30.

दहाला प्रोसिजर बुक. दिवसात केलेली एकच कृती लिहायची, पण प्रत्येक पायरीपुढे कारण. अकराला दिवा बंद.

वॉर्डांतल्या परिसेविकांना माझी एक विनंती आहे. परीक्षेच्या महिन्यात या मुलींना दिवसभर स्टोअरला आणि एक्स-रेला पिटाळू नका. सकाळच्या ओव्हरला रोज एकीला पुढे बोलवा आणि एका पलंगाची माहिती तिच्या तोंडून ऐका.