सोमवारची की रविवारची?

फराळाचे ताट पुढे आले की आमच्या मंडळींतल्या कुणाला तरी कोडी घालण्याची लहर येते. "वर्षातल्या किती महिन्यांना अठ्ठावीस दिवस असतात?" या प्रश्नाला चटकन 'एका!' म्हणणारा पाहुणा दरवर्षी एक तरी भेटतोच. (बाराही महिन्यांना असतात, वाचकहो!) पण ही नुसती शब्दांची चलाखी. इतिहासाने घातलेली कोडी याहून बिकट आहेत.

रोममध्ये 5 ऑक्टोबर 1582 रोजी काय घडले? काहीच नाही. तो दिवस उगवलाच नाही! पोप तेरावा ग्रेगरी याच्या आज्ञेने 4 तारखेनंतर एकदम 15 तारीख आली. इंग्लंडला हे शहाणपण 1752 मध्ये सुचले. तिथे 2 सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी 14 उजाडली. आपल्याला याचे नवल कशाला? क्षयतिथी आपल्या ओळखीचीच आहे. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले म्हणजे घरच्या बायकांची काय तारांबळ उडते, ते विचारा!

आता मुंबईचे कोडे. एका घड्याळात बारा वाजले आहेत, शेजारच्यात अकरा वाजून 21 मिनिटे. चुकीचे कोणते? एकही नाही. 1906 च्या आरंभी सरकारने साऱ्या देशाला एकच वेळ लावून दिली. पण मुंबई महापालिकेने आपली 39 मिनिटे मागची 'मुंबई टाइम' 1955 पर्यंत सोडली नाही. त्यातच महायुद्ध आले आणि 1 सप्टेंबर 1942 पासून ऑक्टोबर 1945 च्या मध्यापर्यंत सरकारी घड्याळे आणखी एक तास पुढे धावली.

आमच्या नात्यातल्या एका मुलीचे टिपण असे होते : जन्म मुंबई, सोमवार, 11 जानेवारी 1943, सकाळी आठ. लग्नाचे वय झाले तेव्हा टिपण जोशीबुवांपुढे गेले. त्यांनी विचारले, "आठ कोणत्या घड्याळाचे?" युद्धकाळाचे असतील, तर खरे सातच वाजले होते. जानेवारीत मुंबईला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, आणि पंचांगाचा वार बदलतो सूर्योदयाला. म्हणजे मुलगी रविवारची! पण तेच आठ 'मुंबई टाइम'चे असतील, तर ऊन चांगले वर आलेले, मुलगी सोमवारचीच. लग्नरासही दोन्हींकडे सारखी येईना.

मुलीची आजी आतून कडाडली, "बुवा, बाळंतिणीजवळ मी होते. दिवा मालवून खिडकी उघडली होती!"

जोशीबुवांनी मुकाट्याने सोमवार लिहिला.