हजरजबाबीपणा रिकाम्या डोक्यातून येत नाही

शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा मुलगा संवाद विसरतो, पण डगमगत नाही. सुचेल ते बोलतो आणि सारा मंडप हसतो. आपण म्हणतो, "पोरगं जात्याच हुशार!" मला वाटते, यातले निम्मे श्रेय त्याने आजवर जे पाहिले, ऐकले, वाचले त्याला द्यायला हवे.

आपला तमाशाच पाहा. गण, गौळण, बतावणी आणि वग हा त्याचा क्रम. जुन्या फडांत वगाची गोष्ट तेवढी ठरलेली असे. संवाद लिहून पाठ केलेले नसत. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना पेंद्या अडवतो आणि मावशीशी त्याची जुंपते, तेव्हा कृष्णकथेपासून बाजारभावापर्यंत सगळे बोलण्यात येते. ज्याला कृष्णकथा ठाऊक नाही, तो तिची गंमत काय करणार?

वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यातले दादा कोंडके (१९३२-१९९८) आठवा. १९६५ पासून या लोकनाट्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. संहिता तीच, पण दादांचा हवालदार ताज्या घडामोडींवर बोले आणि प्रयोग नवा होई. नायगावची चाळ, सेवादलाचे कलापथक यांतून आलेल्या या माणसाकडे माणसांची आणि बोलींची मोठी शिदोरी होती.

कन्नड रंगभूमीवर हेच मास्टर हिरण्णय्या यांनी केले. २०१९ मध्ये ते गेले. 'लंच' म्हणजे लाच. त्यांच्या 'लंचावतार' नाटकाचे हजारो प्रयोग झाले. चालू राजकारणावर ते रंगमंचावरून तिथल्या तिथे ताशेरे ओढत. सरकारी कारभार कसा चालतो, हे नीट माहीत असल्याशिवाय असे बोलता येत नाही. अमेरिकेत शिकागोला १९५९ साली सुरू झालेल्या 'सेकंड सिटी' या मंडळींचीही तीच रीत. प्रेक्षक विषय सुचवतात, नट त्यावर लगेच प्रवेश उभा करतात. विषय कोणता येईल हे आधी कळत नाही, म्हणून थोडे थोडे सगळ्यातलेच ठाऊक असावे लागते.

आम्हा सीमाभागातल्या लोकांच्या घरात ही शिदोरी आयती आहे. माझ्या हळ्ळीखेड (बी)चे नावच घ्या. कन्नडमध्ये 'हळ्ळी' म्हणजे खेडे आणि मराठीत 'खेड' म्हणजेही खेडेच. वर 'बी' म्हणजे बुजुर्ग, थोरले. सोंगाड्याला एवढे पुरते:

"गाव कुठलं?"
"खेडं-खेडं थोरलं!"
"खेडं दोनदा कशाला?"
"एकदा कन्नडवाल्यांसाठी, एकदा मराठीवाल्यांसाठी."
"आणि थोरलं?"
"ते कचेरीसाठी!"

शेवटच्या उत्तराला हसू यायचे, तर निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार आधी फारसीत आणि मग उर्दूत चाले, हे माहीत हवे. आज किती मुलांना ते माहीत आहे?

अर्धवट माहितीवरचा विनोद मात्र बोचतो. दुसऱ्याच्या उच्चारांची टर उडवणे फार सोपे असते. समोरचे पाहुणे वरवर हसतात आणि पुढच्या कार्याला लांब बसतात. आपल्या भागात सासर-माहेर दोन भाषांत असते. असा ओरखडा पिढ्यान्‌पिढ्या राहतो. उलट, ज्याला दोन्ही भाषा येतात तो पंगतीचा प्रसंग रंगवतो. यजमान आपुलकीने विचारतात, "ऊटा आतेन्‌री?" म्हणजे जेवण झालं का? मराठी पाहुण्याला ऐकू येते "उठा", आणि तो भरल्या पानावरून उठतो! इथे दोन्हीकडचे हसतात, कारण कमीपणा कुणालाच येत नाही.

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. गाइडमधल्या राजधान्यांची यादी परीक्षेला उपयोगी पडते, ती पाठ करू द्या. पण मुलांना हुमनाबादला वीरभद्रेश्वराच्या जत्रेत हिंडवा. माणिकनगरला न्या आणि माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदीत पदे रचली हे सांगा. बिदरी भांड्याला काळा रंग आणायला किल्ल्यातली माती वापरतात, ते कारागिराच्या दुकानात दाखवा. अज्जांना ऊसतोडीबद्दल विचारू द्या, आज्जीकडून ओव्या ऐकू द्या.

रात्रीच्या जेवणानंतर एक खेळही खेळता येईल. एकाने कन्नड शब्द टाकायचा, दुसऱ्याने त्यावरून लगेच मराठी संवाद बोलायचा. सुरुवात 'हण' पासून करा. कन्नडमध्ये तो पैसा. मराठी कानाला 'हाण' ऐकू येते. उधारी मागायला आलेला दुकानदार दारात उभा राहून "हण, हण" म्हणतोय, अशी कल्पना करा. पुढचे तुमची मुले बोलतील.