मुळांवरच्या गाठी : सूत्रकृमींना ओळखा



टोमॅटो, वांगी किंवा भेंडीच्या रानात मधेमधे पिवळे, खुजे चट्टे दिसू लागतात. भर दुपारी झाडं माना टाकतात, सांजेला पुन्हा उभी राहतात. आपण म्हणतो पाणी कमी पडलं, म्हणून पाणी देतो. मग युरियाची गोण फोडतो. पैसा जातो, झाड सुधारत नाही.

अशा वेळी झाड ओढून उपटू नका, बारीक मुळ्या मातीतच राहतील. कुदळीनं मातीसकट काढा, बादलीत मुळं हलक्या हातानं धुवा आणि पाहा. मुळं जागोजागी मणी ओवल्यासारखी सुजली असतील, तर ते काम सूत्रकृमीचं. डाळिंबवाले यालाच निमॅटोड म्हणतात.

हरभरा-भुईमुगाच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या नत्राच्या, आपल्या फायद्याच्या. नत्राची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटानं सुटते, फोडली तर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं. ती काढायला जाल तर मूळ तुटेल.

या कृमीचं पिल्लू इतकं बारीक असतं की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पिल्लू मुळाच्या टोकाजवळून आत शिरतं, एका जागी ठाण मांडतं आणि अन्नरस शोषतं. मादी चिकट पुंजक्यात दोन-चारशे अंडी घालते. उबदार जमिनीत साधारण महिन्यात नवी पिढी तयार! शिवाय जखमी मुळांतून मर रोगाची बुरशी शिरते. आपण मरीवर औषध ओततो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

हा कृमी स्वतः फार लांब जात नाही. त्याला आपणच नेतो, औजाराला चिकटलेल्या मातीतून, वाहत्या पाण्यातून आणि सगळ्यात जास्त रोपांतून. डाळिंबाची बाग वर्षानुवर्षांसाठी लावायची असते. तेव्हा पिशवी फाडून दोन-चार रोपांची मुळं पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. रोपवाटिकावाला कुरकुर करील, करू द्या.

एकदा रानात शिरला की तो समूळ जात नाही, संख्या मात्र कमी करता येते. एप्रिल-मे महिन्यांत खोल नांगरट करून जमीन तापू द्या. रोपांचे वाफे ओले करून त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा, कडा मातीत दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. लागवडीआधी एकरी आठ क्विंटल निंबोळी पेंड मिसळा. एवढी परवडत नसेल, तर निदान वाफ्यात आणि खड्ड्यात तरी घाला.

वांग्यानंतर टोमॅटो, टोमॅटोनंतर भेंडी म्हणजे कृमीला पंगतीमागून पंगत. मधे तीळ, मोहरी किंवा लसूण घ्या. झेंडू उत्तम, पण बांधाला चार झाडं लावून भागत नाही. सगळ्या रानात दोन-तीन महिने उभा हवा. टोमॅटोत ‘हिसार ललित’ हे वाण या कृमीला दाद देत नाही, पण जमीन फार तापली की अशा वाणांचाही जोर कमी पडतो.

पूर्वी सर्रास वापरलं जाणारं फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. कुणी जुना साठा देऊ केला तरी घेऊ नका.

आणि पीक संपल्यावर गाठाळलेली मुळं नांगरून मातीत गाडू नका. वेचून, उन्हात वाळवून जाळून टाका. उकिरड्यावर तर मुळीच नको, तिथून ती शेणखताबरोबर पुन्हा रानात येतात.