ब्रिटनचा काडीमोड आणि आयर्लंडची सीमा

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस आमच्या मालवण तालुक्यातील वराड गावी मोठा पाहुणा आला होता. आयर्लंडचे त्या वेळचे पंतप्रधान लिओ वराडकर आपल्या आईवडिलांसह मूळ गाव पाहावयास आले होते. मी तेव्हा शाळेत होते. 'आपल्याकडचा माणूस तिकडे पंतप्रधान झाला' यापलीकडे आम्हां मुलांना काही ठाऊक नव्हते. हा पाहुणा नुकताच केवढ्या भांडणातून बाहेर पडून आला होता, हे मला कळले ते यंदा, राज्यशास्त्राच्या तासाला 'सार्वमत' हा विषय चालू असताना. घरी जाऊन मी बाबांना सांगितले, की ब्रिटनच्या लोकांनी युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले आणि प्रत्यक्ष बाहेर पडायला त्यांना साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला. बाबा टेम्पो चालवतात, शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी विचारले, "लोकांनी मतां दिल्यानी ना? मगे भांडाण कित्याक?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. नंतर ग्रंथालयात बसून जे वाचले, त्यातून जुळवलेले उत्तर येथे मांडते आहे.

मागचा इतिहास थोडक्यात सांगते. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपच्या आर्थिक समुदायात सामील झाला. १९७५ साली सार्वमत झाले, तेव्हा सुमारे ६७ टक्के लोकांनी आत राहण्याच्या बाजूने कौल दिला. तरीही हुजूर पक्षातील एका गटाच्या मनातून ही गोष्ट कधी उतरली नाही. पक्षातील ही धुसफूस मिटावी म्हणून पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी नवे सार्वमत घेण्याचे वचन दिले. २३ जून २०१६ रोजी मतदान झाले आणि ५१.९ टक्के लोकांनी 'बाहेर' म्हटले, ४८.१ टक्के लोकांनी 'आत'. कॅमेरॉन यांनी राजीनामा दिला. घरातले भांडण मिटवण्यासाठी सारा गाव गोळा करावा आणि भांडण गावभर व्हावे, तसे हे झाले.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मतपत्रिकेवर दोनच चौकटी होत्या: राहायचे किंवा निघायचे. पण निघण्याच्या वाटा अनेक होत्या. नॉर्वेसारखे महासंघाबाहेर राहून त्याच्या एकत्रित बाजारपेठेत राहता येते. तुर्कस्तानसारखा केवळ जकातीपुरता संघ करता येतो. कॅनडासारखा व्यापारी करार करता येतो. किंवा काहीच करार न करता सरळ उठून जाता येते. १ कोटी ७४ लाख लोकांनी 'बाहेर' म्हटले खरे, पण यांतल्या कोणत्या वाटेने, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. 'आत' म्हणणारे सगळे एका गोष्टीसाठी मत देत होते, 'बाहेर' म्हणणारे चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींसाठी. आपल्या वर्तमानपत्रांनी या प्रकाराला 'काडीमोड' म्हटले. शब्द झकास आहे, पण मला तो फसवा वाटतो. काडी मोडायला क्षण पुरतो. इथे सेहेचाळीस वर्षांचे कायदे, औषधांचे परवाने, मासेमारीचे हक्क, एकमेकांच्या देशांत राहणारी लाखो माणसे, सगळे गुंतले होते.

नव्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी २९ मार्च २०१७ रोजी महासंघाला रीतसर नोटीस दिली. नियमाप्रमाणे दोन वर्षांची मुदत सुरू झाली. लगेच त्यांनी निवडणूक घेतली. बहुमत वाढावे हा हेतू होता, पण होते तेही गेले. ६५० पैकी ३१७ जागा मिळाल्या आणि उत्तर आयर्लंडमधील डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या १० खासदारांचा टेकू घ्यावा लागला. हा पक्ष लहान, पण पुढे सारे गाडे ज्या खड्ड्यात रुतले तो खड्डा नेमका त्यांच्याच अंगणात होता.

आयर्लंड हे एक बेट, पण त्यावर दोन सत्ता आहेत. दक्षिणेचे आयर्लंड स्वतंत्र प्रजासत्ताक आणि महासंघाचे सभासद. ईशान्येचा उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग. मधली सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे आणि दोनशेहून अधिक ठिकाणी रस्ते ती ओलांडतात. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनशी एकनिष्ठ राहू इच्छिणारे, बहुतांशी प्रॉटेस्टंट, आणि एकसंध आयर्लंड मागणारे, बहुतांशी कॅथलिक, यांच्यात तीस वर्षे रक्तपात झाला. सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. सीमेवर सैनिकांच्या चौक्या आणि टेहळणीचे मनोरे होते. १० एप्रिल १९९८ रोजी गुड फ्रायडे करार झाला आणि पुढे चौक्या उठल्या. आज त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाला दुसऱ्या देशात शिरल्याचे कळते ते वेगमर्यादेच्या पाट्यांवरून. एकीकडे मैल, दुसरीकडे किलोमीटर.

ही सीमा पुसट राहू शकली, कारण दोन्ही बाजू एकाच महासंघात होत्या, मालाचे नियम आणि जकात एकच होती. हे समजून घ्यायला आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. गोव्यातून येताना इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या का अडवतात? गोव्यात मद्यावरचा कर कमी, महाराष्ट्रात जास्त. दोन बाजूंचे कर वेगळे झाले की मध्ये कोणीतरी उभे राहून गाडीत डोकावणार, हे आलेच. इथे तर देश एक आहे आणि प्रश्न एकाच वस्तूचा आहे. आयर्लंडमध्ये प्रश्न दुधापासून दुभत्या जनावरांपर्यंत साऱ्याच मालाचा होता, आणि नाका जिथे उभा राहणार तिथली माती रक्ताने भिजलेली होती. सीमेवर पहिली चौकी उभी राहिली, की तिच्यावर कोणीतरी बंदूक रोखील, ही भीती खोटी नव्हती.

म्हणजे मे बाईंपुढे तीन गोष्टी होत्या. जकात संघातून पूर्णपणे बाहेर पडायचे. बेटावर नाके उभारायचे नाहीत. आणि उत्तर आयर्लंड व उरलेले ब्रिटन यांच्यामध्ये समुद्रातही नाका आणायचा नाही. तिन्ही वचने त्यांनी दिली होती. यांतली कोणतीही दोन पाळता येतात, तिन्ही नाही. डब्लिनमध्ये वराडकर अडून बसले की सीमेवर नाका चालणार नाही आणि तशी लेखी हमी पाहिजे. उरलेल्या २६ देशांनी त्यांची पाठ राखली. ब्रिटनला ही गोष्ट नवीन होती. इतकी शतके लंडनने ठरवायचे आणि आयर्लंडने सोसायचे असाच शिरस्ता होता. या वेळी पारडे फिरले होते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ५८५ पानांचा करार तयार झाला. त्यात 'बॅकस्टॉप' नावाची तरतूद होती: दुसरा काही तोडगा सापडेपर्यंत सारा ब्रिटन महासंघाशी जकातीने बांधलेला राहील आणि उत्तर आयर्लंड आणखी काही नियम पाळील. यातून एकतर्फी बाहेर पडता येणार नव्हते. झाले! कडवे ब्रेक्झिटवादी म्हणाले, ही तर कायमची बेडी. युनियनिस्ट म्हणाले, आम्हांला वेगळे काढता. मजूर पक्ष म्हणाला, करारच वाईट आहे, निवडणूक घ्या. आणि ज्यांना महासंघातच राहायचे होते त्यांना दुसरे सार्वमत हवे होते. चौघांची कारणे परस्परविरुद्ध, पण मत एकच: 'नाही'.

१५ जानेवारी २०१९ रोजी कॉमन्स सभागृहाने तो करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. एवढ्या फरकाने तिथे कोणत्याही सरकारचा ठराव हरलेला नव्हता. मे यांच्याच पक्षाच्या ११८ खासदारांनी विरोधी मत दिले. मौज अशी, की दुसऱ्याच दिवशी अविश्वासाचा ठराव आला, तेव्हा याच मंडळींनी सरकार वाचवले. १२ मार्चला करार पुन्हा हरला, २९ मार्चला तिसऱ्यांदा. मधल्या काळात सभापती जॉन बर्को यांनी १६०४ सालचा संकेत काढून दाखवला, की एकदा फेटाळलेला ठराव त्याच अधिवेशनात जसाच्या तसा पुन्हा मांडता येत नाही. मे यांनी 'करार मंजूर करा, मी पद सोडते' असेही सांगून पाहिले. पंतप्रधानपदच पणाला लावूनही मते मिळेनात.

मला सर्वांत बोलकी वाटते ती २७ मार्चची संध्याकाळ. 'सरकारचा करार नको, तर मग तुम्हीच सांगा काय हवे,' असे म्हणून सभागृहाने आठ पर्याय मतदानाला ठेवले. आठही पडले. १ एप्रिलला त्यांतले चार पुन्हा घेतले, तेही पडले. जकात संघाचा पर्याय अवघ्या तीन मतांनी. बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला या मतदानात दिसले. संसद लोकांचे ऐकत नव्हती असे म्हणणे सोपे आहे, आणि तिकडच्या काही वर्तमानपत्रांनी तसे म्हटलेही. पण लोकच अर्ध्यावर दुभंगलेले होते. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी 'आत' म्हटले होते, उत्तर आयर्लंडनेही बहुमताने 'आत'च म्हटले होते. ती दुफळी संसदेत जशीच्या तशी उतरली. आरसा फोडून काय होणार होते?

मुदत वाढत गेली. मे पायउतार झाल्या आणि जुलै २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन आले. त्यांनी संसदच पाच आठवडे तहकूब केली. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवले. विरोधात मत दिलेल्या आपल्या २१ खासदारांना जॉन्सन यांनी पक्षातून दूर केले. त्यांत चर्चिल यांचे नातूही होते. संसदेने कायदा करून मुदतवाढीचे पत्र लिहायला लावले, तर या गृहस्थांनी ते पाठवले पण खाली सही केली नाही! आमच्या शाळेत रजेच्या अर्जावर सही नसली तर बाई तो परत करीत. ब्रुसेल्सने मात्र चालवून घेतले.

कोंडी फुटली ती १० ऑक्टोबर २०१९ रोजी. लिव्हरपूलजवळ जॉन्सन आणि वराडकर समोरासमोर बसले आणि आठवड्यात नवा करार झाला. तीन वचनांपैकी तिसरे सोडले: तपासणी समुद्रात, म्हणजे ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या बंदरांवर. वर्षापूर्वी याच जॉन्सन यांनी युनियनिस्टांच्या परिषदेत जाऊन, असे कोणतेही हुजूर सरकार करणार नाही, असे सांगितले होते. १२ डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांना ३६५ जागा मिळाल्या आणि ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ब्रिटन बाहेर पडला. वराडला पाहुणे आले ते या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत.

याचे लोण आपल्या शेजारीही पोचले. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडन शहरात, राहणारे अनेक गोवेकर आहेत. महासंघाचे नागरिक म्हणून त्यांना तिथे राहता येत असे. ब्रेक्झिटनंतर त्यांना राहण्याच्या हक्कासाठी नव्याने अर्ज करावा लागला. मुदत होती ३० जून २०२१.

उत्तर आयर्लंडमधले भांडण त्यानंतरही चालू राहिले. समुद्रातल्या नाक्याच्या निषेधार्थ युनियनिस्ट पक्ष २०२२ मध्ये तिथल्या सरकारातून बाहेर पडला आणि दोन वर्षे विधिमंडळ ठप्प झाले; ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले. मध्यंतरी, २०२३ साली, विंडसर येथे सुधारित तोडगा ठरला: माल उत्तर आयर्लंडमध्येच राहणार असेल तर हिरवी रांग, तपासणी कमी, पुढे दक्षिणेत जाणार असेल तर तांबडी रांग, पूर्ण तपासणी.

हे मी बाबांना सांगितले, तेव्हा ते गाडीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत भरत होते. म्हणाले, "हिरव्या रांगेतलो माल फुडे गेलो तर?" व्यापाऱ्याने आधी नोंदणी करून, माल कुठे विकणार याची हमी द्यावी लागते, असे मी सांगितले. "मगे कागद इलेच," ते म्हणाले आणि पहाटेच्या फेरीसाठी लवकर झोपायला गेले.